डबी मुक्ताच्या कमरेला असू दे

सांगली
रविवार, सकाळ

प्रिय सुभाष,
सप्रेम नमस्कार.

परवा रात्री तुझा फोन ठेवला आणि पहाटेपर्यंत डोळा लागला नाही. मधमाशी चावून आलेल्या ॲलर्जीच्या झटक्यानंतर तुझी लेक मुक्ता घरी आली, जेवली, आता हसतेय, असं तू तीनदा सांगितलंस, पण तुझा आवाज कापत होता. तो कंप माझ्या ओळखीचा आहे. अमेयनं तीन वर्षांचा असताना पहिल्यांदा दाण्याची चिक्की खाल्ली, तेव्हा दवाखान्याच्या बाकावरून मी आईला फोन केला होता. तिला माझं बोलणंच कळेना.

तू एकच विचारलंस, "तुझं पोरगं ते औषध रोज जवळ कसं बाळगतं रे?" दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून आज चहा घेऊन लिहायलाच बसलोय.

मुक्ताला मधमाशी बाधली, अमेयला दाणे. पण अंगात पुढं जे घडतं ते सारखंच, आणि त्यावरचं पहिलं औषधही एकच, ॲड्रेनलिन. तुझ्या घरात एव्हाना कुणीतरी सेट्रिझिनची, म्हणजे ॲलर्जीच्या गोळ्यांची, पट्टी आणून ठेवली असेल. असू दे. अंगावर गांधी उठल्या, खाज सुटली, तर ती उपयोगी पडते. पण घसा आवळायला लागतो, रक्तदाब कोसळतो, तिथं ती गोळी काही करू शकत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनला तर गुण यायलाच काही तास लागतात. ॲड्रेनलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत गेलं की काही मिनिटांत माणूस परत यायला लागतो. मी ते डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून गोळी देऊन "बघू थोडा वेळ" असं कुणी म्हणालं, अगदी घरातलं वडीलधारं माणूस म्हणालं, तरी ऐकू नकोस.

आता माझ्या चुकीबद्दल. ती तुझ्याकडून होऊ नये एवढ्यासाठी सविस्तर लिहितो.

अमेय बारा वर्षांचा होईपर्यंत औषध त्याच्या आईच्या, सुनीताच्या, पर्समध्ये असायचं. एक डबी घरात देवघराशेजारच्या फळीवर. एक शाळेत दिलेली, पण शाळेनं ती ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून ठेवली होती आणि किल्ली शिपाईमामांकडं. आम्हाला वाटायचं, सगळीकडं सोय आहे. आठवीत तो सायकलवरून एकटा क्लासला जायला लागला, आणि तो जाईल तिथं औषध नाही असं रोजच होऊ लागलं. डबी दिली की "हो" म्हणायचा आणि दप्तरातून गुपचूप काढून ठेवायचा. वर्गातली पोरं त्याला "पेशंट" म्हणायची, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आम्ही नुसते रागवत राहिलो. जेवढं रागवलो तेवढं त्यानं लपवलं.

एका रविवारी क्रिकेट खेळून तो मित्राच्या घरी गेला. त्या माउलीनं प्रेमानं भाकरी आणि दोडक्याची भाजी वाढली. त्यानं विचारलंसुद्धा, "काकू, यात दाणे आहेत का?" त्या म्हणाल्या, "नाहीत रे बाळा." खोटं बोलल्या नाहीत त्या. भाजीत अख्खा दाणा नव्हताच, कूट होता. आपल्याकडं कुटाला कुणी दाणे म्हणत नाही, तो मिठासारखा हाताला लागलेला. भाजीत, कोशिंबिरीत, चटणीत, ठेच्यात, संक्रांतीच्या तिळगुळात, आणि या गावात भडंगाच्या प्रत्येक मुठीत. तेव्हापासून अमेय नुसतं दाण्यांचं विचारत नाही. "कूट घातलाय का? फोडणीचं तेल कुठलं? पळी एकच आहे का?" असं नाव घेऊन विचारतो.

दोन घासांत ओठ चुरचुरले. त्याला कळलं होतं, सुभाष. पण सगळ्यांसमोर लाज वाटली, म्हणून "आलोच" म्हणून उठला आणि बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावली. मित्रानं दार वाजवलं, तर आतून घोगरा आवाज. डबी आमच्या फळीवर, सुनीता मिरजेत, मी बँकेत. शेजाऱ्यांनी धावपळ करून त्याला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवलं आणि दवाखान्यात आणलं. दारातच तो कोसळला. तिथल्या डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं, पाय उंच केले, आणि काही वेळानं त्याच्या ओठांना रंग आला.

नंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते तुलाही जसंच्या तसं सांगतो. अशा वेळी एकट्यानं बाथरूममध्ये जाऊन बसायचं नाही. पुष्कळ मुलं नेमकं हेच करतात, आणि आत बेशुद्ध पडली तर बाहेर कुणाला कळतही नाही. दुसरं, रक्तदाब उतरलेल्या माणसाला उभं करायचं नाही, चालवायचं नाही, गाडीवर ताठ बसवायचं नाही. आडवं झोपवून पाय वर. श्वास लागत असेल तर टेकून बसू द्यायचं, उलटी होत असेल तर कुशीवर. आधी इंजेक्शन, मग १०८ ला फोन, मग बाकी सगळं. लगेच बरं वाटलं तरी दवाखान्यात काही तास थांबायचंच, कारण औषधाचा असर ओसरल्यावर त्रास परत उसळू शकतो. त्याला रात्रभर ठेवून घेतलं होतं.

त्या रात्री तो एकच वाक्य बोलला. "बाबा, ती डबी तुमची आहे, माझी नाहीच." मला ते फार लागलं. पण त्याचं बरोबर होतं. ती कुठं ठेवायची, कशात ठेवायची, कुणाला सांगायचं, सगळं आम्ही ठरवलं होतं. जीव त्याचा, आणि त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. खाण्यातून येणाऱ्या अशा झटक्यात जीव जाण्याचा धोका सगळ्यात जास्त याच वयातल्या आणि तरुण मुलांना असतो, असंही डॉक्टर म्हणाले. लहान असताना आई मागं असते. या वयात मुलं एकटी बाहेर पडतात आणि चारचौघांत वेगळं दिसायला नको असतं.

मग आम्ही मागं सरलो. सुनीताला ते माझ्याहून जड गेलं. अमेयनं बाजारातून मोबाईल ठेवायचा कमरेचा पाऊच स्वतः पसंत करून आणला, काळा, अजिबात दवाखान्याचा न वाटणारा. त्यात डबी, दम्याचा पंप, आणि त्याच्याच अक्षरातलं कार्ड. घरातून निघताना तो मोबाईल, किल्ली, पाऊच असं पुटपुटतो. मोबाईल तो विसरत नाही, म्हणून पाऊचची सांगड त्यानं मोबाईलशी घातली. ही युक्ती सर्वस्वी त्याची. मैदानावरसुद्धा पाऊच कमरेलाच. दप्तर वर्गात राहतं आणि पी.टी.चा तास बाहेर असतो, हे त्यानंच आम्हाला दाखवून दिलं.

एका संध्याकाळी तो मोबाईलवर वाचत बसला होता आणि मला बोलावून सांगू लागला. शार्ल रिशे नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ आणि त्याचा सहकारी पोर्टिए समुद्रफूल नावाच्या सागरी प्राण्याच्या विषाचा अभ्यास करत होते. कुत्र्याला ते एकदा टोचलं, त्याला काही झालं नाही. काही आठवड्यांनी पुन्हा थोडं दिलं, तर कुत्रा काही मिनिटांत मेला. शरीराला सवय होण्याऐवजी उलटंच झालं. १९०२ मध्ये त्यांनी त्याला ॲनाफायलॅक्सिस हे नाव दिलं आणि १९१३ मध्ये रिशेला नोबेल मिळालं. हे नाव मिळायच्या एक वर्ष आधी, १९०१ मध्ये, ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञानं अमेरिकेत शुद्ध ॲड्रेनलिन वेगळं काढल्याचं जाहीर केलं होतं. "म्हणजे बाबा, रोगाला नाव मिळायच्या आधीच औषध तयार होतं," असं म्हणाला तेव्हा पहिल्यांदा मला त्याच्या चेहऱ्यावर लाजेऐवजी कुतूहल दिसलं. मुक्तालाही विज्ञानाची आवड आहे ना? तिला हे सांग.

आता डबीत काय असतं ते. स्वतः टोचायचं तयार पेन मिळतं, पण आम्हाला ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये कधी मिळालं नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बाहेरून मागवलं, आणि ते महाग पडतं. पेन येईपर्यंत मुक्ताला मोकळं ठेवू नकोस. ॲड्रेनलिनची काचेची ॲम्प्यूल अगदी स्वस्त असते, १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. आम्ही कितीतरी वर्षं त्यावरच काढली. दोन ॲम्प्यूल, दोन सिरिंज, काच फोडताना धरायला कापसाची घडी. डोस वजनावर ठरतो, किलोमागं ०.०१ मिलिग्रॅम, एका वेळी जास्तीत जास्त ०.५. पण हिशोब तू करू नकोस. डॉक्टरांकडून तिचा डोस मिलिलिटरमध्ये मोठ्या अक्षरात लिहून घे, आणि सिरिंजवर त्या रेघेपाशी खूण करून घे. थरथरत्या हातांना रेघ दिसते, आकडा दिसत नाही. त्यांच्यासमोर दोन-तीन ॲम्प्यूल फोडून बघा, तू, वहिनी आणि मुक्ता, तिघांनीही. डोस नेहमी दोन हवेत, कारण ५ ते १५ मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरा द्यावा लागतो. दोन्ही एकत्रच ठेवायचे. एक घरी, एक शाळेत असं वाटून टाकू नकोस.

उन्हाचं मात्र फार जप. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं पारा ४० च्या आसपास जातो आणि स्कूटरच्या डिकीत हात घालवत नाही. तिथं ठेवलेलं ॲड्रेनलिन खराब होतं. फ्रिजमध्येही ठेवायचं नाही. साधारण २५ अंशांपर्यंत, उजेडापासून दूर. अंगाजवळच्या पाऊचमध्ये ते डिकीपेक्षा कितीतरी बरं राहतं. औषध पाण्यासारखं स्वच्छ हवं, तांबूस किंवा तपकिरी दिसलं की बदलायचं. मुदत आणि रंग अमेय दर संकष्टीला तपासतो. त्या दिवशी घरोघरी साबुदाण्याच्या खिचडीत कूट असतो, म्हणून त्यानं तोच दिवस धरलाय. आई गणपतीला निघाली की हा डबी उघडून खिडकीशी उभा.

मित्रांचं राहिलंच. मला वाटतं, यानं सगळ्यात जास्त फरक पडला. मुदत संपलेलं एक पेन होतं. अमेयनं चार मित्रांना घरी बोलावलं, टेबलावर मोसंबं ठेवलं आणि टोचून दाखवलं. त्या पेनच्या नारिंगी टोकातून सुई येते, म्हणून अंगठा टोकावर कधीच ठेवायचा नाही. पँटवरूनही चालतं, फक्त शिवण आणि खिसा टाळायचा. पेनवर लिहिलंय तितके आकडे मोजत दाबून धरायचं. त्यात तो कूट वाढलेल्या घरातला मित्रही होता. त्याची आई पण आली होती, सगळ्यात पुढं बसून बघत होती, आणि डोळे पुसत होती. "पेशंट" हा शब्द त्यानंतर बंद झाला. आता "घसा" एवढं म्हटलं की ती पोरं उठतात, आणि त्याला एकट्याला कुठंही जाऊ देत नाहीत.

शाळेशी बोलताना डॉक्टरांचं पत्र लेखी ने आणि एकच मागणी कर, डबी मुलीच्या अंगावर राहील. जादा संच ऑफिसात ठेवायचा तर ठेवू देत, पण उघड्या खणात. अमेयची यंदा दहावीची बोर्डाची परीक्षा. त्यासाठीही आम्ही केंद्रावर आधीच जाऊन पत्र दाखवून आलो.

मुक्ताचं एक वेगळं आहे. दाणे टाळता येतात, माशी सांगून येत नाही. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं तेव्हा तूच मला अभिमानानं बातमी पाठवली होतीस. तिच्या मामाकडच्या सातेरी मधमाश्यांच्या पेट्या मला आठवतात. आता पेट्या उघडायच्या वेळी ती तिथं नको. डोंगरकड्यांवर आग्या मोहोळं असतात आणि दवाखाना लांब, म्हणून ट्रेकला डबीशिवाय पाऊल नाही आणि बरोबर शिकवलेलं माणूस हवंच. काटा रुतलेला दिसला तर नखानं लगेच काढून टाका. मधमाशीच्या विषाची इम्युनोथेरपी असते, वर्षानुवर्षं थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावायची. तिच्याबद्दल ॲलर्जीच्या डॉक्टरांना आवर्जून विचार. पण तिला गडावर जाणं बंद करू नकोस. अमेयला आम्ही एक वर्ष कुणाच्याच घरी जेवायला पाठवलं नव्हतं. त्या वर्षात तो किती मिटला होता, ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

पुढच्या रविवारी सकाळच्या एस.टी.नं आम्ही दोघं साताऱ्याला येतोय. जुनं पेन अमेयनं आत्ताच पिशवीत टाकलंय. मोसंबी तू आणून ठेव, पाच-सहा तरी. तो म्हणतो, मुक्ताला मी शिकवीन, मोठ्या माणसांनी मध्ये बोलायचं नाही. तेव्हा आपण दोघं बाहेर पायरीवर बसू. वहिनींना सांग, जेवणात आमच्यासाठी वेगळं काही करू नका, फक्त कुटाचा डबा त्या दिवशी माळ्यावर राहू दे.

मुक्ताला आशीर्वाद, वहिनींना नमस्कार.

तुझा,
विलास