वॉरंट माझ्यावर नाही, आप्पा

ती. आप्पा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आईला समजावलं, पण आप्पा, तुम्ही "बरं, बरं" म्हणालात त्यावरूनच कळलं की तुमचं समाधान झालेलं नाही. जन्मभर कोर्टात बेलिफी केलेल्या माणसाला अर्धवट हकिकत पचायची नाही. म्हणून सगळं लिहितेय. वॉरंट माझ्यावर नाही. आमच्या दवाखान्यात रक्त काढायला एक बाई आहे, तिच्यावर होतं. मी फक्त गाडी चालवायला गेले होते. तिचं नाव लिहीत नाही. कोर्टातल्या माणसाचं नाव घरात आणायचं नाही, हा तुमचाच नियम.

झालं असं. काही वर्षांपूर्वी पोलिसाने तिची गाडी थांबवली, विम्याचा कागद नव्हता, चिठ्ठी हातात दिली. टेक्सासात हा गुन्हा सगळ्यात खालच्या वर्गातला. पहिल्यांदा सापडलं तर दंड 175 ते 350 डॉलर, वर कोर्टाचा खर्च. तुरुंगाची शिक्षाच नाही. पण चिठ्ठीवर सही करताना अमुक तारखेपर्यंत हजर होईन असं कबूल केलेलं असतं. ही गेली नाही. पैसे नव्हते, आणि पैसे नसताना गेलं तर आत टाकतात, असं तिच्या आईने तिला सांगितलेलं.

तिच्या आईचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. ह्यूस्टनमध्ये एका गरीब माणसाचे वाहतुकीचे दंड साचून 425 डॉलर झाले, तेव्हा दिवसाला 5 डॉलर या हिशोबाने त्याला 85 दिवसांसाठी शेतावरच्या तुरुंगात धाडलं होतं. 1971 साली इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ज्याला फक्त दंडच होऊ शकतो त्याला निव्वळ गरीब म्हणून कोंडता येणार नाही. निकाल लागून पन्नासच्या वर वर्षं झाली, पण गावाकडे भीती अजून तीच आहे.

ती गेली नाही म्हटल्यावर न्यायाधीशाने वॉरंट काढलं, गैरहजेरीचा वेगळा गुन्हा जोडला, वॉरंटचे 50 डॉलर वर. 2017 च्या कायद्याने पहिल्या तारखेला आला नाही म्हणून लगेच वॉरंट काढता येत नाही. आधी फोनने किंवा टपालाने कळवायचं, 30 दिवसांच्या आतली तारीख द्यायची, पैसे नसतील तर काय पर्याय आहेत तेही लिहायचं. टपाल गेलं होतं, पण ती पूर्वी राहायची त्या ट्रेलरच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, पत्त्यावर. तुम्ही निदान दारावर समन्स चिकटवून पंचांच्या सह्या तरी घ्यायचात. इथे साधं टपाल पेटीत पडलं की कोर्टाच्या लेखी काम झालं.

तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. लायसन्सचं नूतनीकरण करायला गेली तेव्हा खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, होणार नाही, कुठल्या तरी कोर्टाने अडवलंय. कुठल्या? ते नीट सांगता येईना. घर ते दवाखाना चाळीस मैल, वाटेत नुसता कापूस आणि पवनचक्क्या, बस नाही. म्हणजे लायसन्सशिवाय गाडी हाकायची किंवा नोकरी सोडायची. तिने हाकली. कोण नसती हाकली?

आता शोधायचं कसं, हे ऐका. टेक्सासात 254 काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या. एकेका काउंटीत जस्टिस ऑफ द पीसची, म्हणजे किरकोळ गुन्हे बघणाऱ्या न्यायाधीशाची, एक किंवा जास्त कोर्टं, शहराचं निराळं म्युनिसिपल कोर्ट, मधल्या गुन्ह्यांना काउंटी कोर्ट, मोठ्यांना डिस्ट्रिक्ट कोर्ट. दप्तरं वेगळी, कारकून वेगळे. सगळ्यांच्या वॉरंटांची एकच यादी सामान्य माणसाला कुठे बघायला मिळत नाही. मोठ्या शहरांत संगणकावर नाव टाकलं की दिसतं. आमच्या काउंटीच्या वेबसाइटवर कोर्टाच्या इमारतीचा फोटो आणि फोन नंबर, संपलं. शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, कार्यालयात जाऊन "माझ्यावर वॉरंट आहे का हो?" असं विचारणं हा सगळ्यात वाईट मार्ग, कारण असलं तर तिथेच बेड्या. म्हणून आम्ही दुपारच्या सुट्टीत एकेका कोर्टाच्या कारकुनाला फोन लावत बसलो. नाव, जन्मतारीख, "थांबा हं", मग कागद उलटल्याचा आवाज. सापडलं ते शेजारच्या काउंटीत. चिठ्ठी मिळाली तो रस्ता सीमेच्या पलीकडचा निघाला.

कारकून बाई मात्र देवमाणूस. म्हणाली, पकडलं जाण्याआधी स्वतःहून या, साहेब वॉरंट मागे घेतील, कायदाच तसा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर वॉरंटवाल्यांची धरपकड मोहीम निघते, त्याच्या आत या, असंही तिने आवर्जून सांगितलं.

तिथल्या न्यायाधीशांना मी ओळखत होते, आणि ते कसे हे वाचून तुम्ही हसाल. लहान काउंटीत शवचिकित्सेचा वेगळा अधिकारी नसतो, त्यामुळे घरी कुणी अचानक गेलं की मृत्यूची चौकशी जस्टिस ऑफ द पीस करतो. तोच लग्नं लावतो, तोच दंड ठरवतो. निवडून येतो, वकील असायची अटही नाही. आमचं आजवरचं बोलणं म्हणजे रात्री-अपरात्री फोनवर "डॉक्टर, याला हृदयाचा त्रास होता का?" एवढंच. इथे ते जीन्समध्ये टेबलामागे बसलेले. पुकारा नाही, काळा कोट नाही. त्यांनी तिला एक फॉर्म दिला: पगार किती, भाडं किती, मुलं किती. ती भरताना हात थरथरत होता, दुसऱ्यांच्या शिरा एका टोच्यात शोधणारी बाई. फॉर्म वाचून त्यांनी वॉरंट मागे घेतलं, गैरहजेरीचा गुन्हा काढून टाकला, आणि बाकी रक्कम अर्धी हप्त्यांत, अर्धी ग्रंथालयात काम करून फेडायला सांगितली. आठ तासांच्या कामाचे किमान 100 डॉलर वळते होतात. लायसन्सची अडवणूक उठवायचे 10 डॉलर मी भरणार होते, तिने भरू दिले नाहीत.

दारू पिऊन गाडी चालवणं, चोरी अशा प्रकरणातलं वॉरंट असतं तर इतक्यात सुटलो नसतो. तिथे वकील लागतो, आणि या भागात वकील शोधणं हे डॉक्टर शोधण्याइतकंच कठीण. टेक्सासातल्याच गिलेस्पी काउंटीत 2002 साली एकाला चुकीच्या नोंदीवरून धरलं. पुन्हापुन्हा मागूनही सरकारी वकील मिळायला सहा महिने लागले, मधे तीन आठवडे तुरुंग. वकिलाने कागद लावले आणि खटलाच रद्द झाला. ते प्रकरण 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्या माणसाच्या बाजूने लागलं, 8 विरुद्ध 1.

आणखी एक, हे आईसाठी. इथे भामटे शेरीफच्या नावाने फोन करतात, "तुमच्यावर वॉरंट आहे, आत्ता गिफ्ट कार्डने पैसे भरा." तुमच्याकडच्या डिजिटल अरेस्टचाच भाऊ. माझ्या नावाने असा कुणाचा फोन आला तर ठेवून द्यायचा, एक रुपया पाठवायचा नाही, आणि आधी मला उठवायचं. इथे रात्र असली तरी.

आप्पा, पत्ता बदललेल्या माणसाचं समन्स परत यायचं तेव्हा तुमचे साहेब काय शेरा मारायचे, ते पुढच्या फोनवर सांगा. इथल्या कारकून बाईलाही ऐकायचंय. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनचं डॉक्टरांनी काय ठरवलं तेही कळवा. थेंब चुकवू नका.

तुमची,
धाकटी