खाट आहे, हात हवेत

सर्व ग्रामस्थ, मुंबई-पुण्यातले चाकरमानी, माहेरवाशिणी आणि आमच्या वाड्यांशी ज्यांचं ज्यांचं नातं आहे त्या सर्वांना ग्रामस्थ मंडळाचा नमस्कार.

साखरप्याहून आंबा घाटाकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना डोंगराला टेकून ज्या वाड्या दिसतात, त्यांतल्या काही आमच्या. गणपतीत आणि शिमग्याला इथल्या एकेका घरात वीस-वीस माणसं असतात. उरलेलं वर्ष दोनच, तीही सत्तरी ओलांडलेली. त्यांतलं एक अंथरुणाला लागलं की दुसऱ्यालाच नर्स व्हावं लागतं, आणि ते काम त्याला कुणीच शिकवलेलं नसतं.

घरी अंथरुणाला लागलेल्यांच्या शुश्रूषेसाठी माणसं, साहित्य आणि पैसे मागणारं हे आवाहन लिहायचं काम मंडळाने माझ्याकडे दिलं, कारण हे सगळं मी माझ्या घरात पाहिलं आहे.

माझ्या वडिलांचं वय ७८. दोन वर्षं लघवीचा त्रास होता. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ग्रंथी, वाढली की लघवी अडकत येते, रात्री चार-चार वेळा उठावं लागतं. त्यासाठी एक गोळी सुरू झाली. त्या गोळीने लघवी मोकळी होते, पण झटकन उभं राहिलं तर रक्तदाब खाली येऊन डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. हे कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर आमच्या कानांत शिरलं नाही. श्रावणातली रात्र, बाहेरचा संडास, जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ. वडील उठले, तीन पावलं गेले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं.

शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली, पैसे लागले नाहीत आणि झाली ती उत्तम झाली. याबद्दल आमची कसलीच तक्रार नाही. खरा प्रश्न घरी आणल्यावर सुरू झाला. लघवीला नळी लावलेली होती. जीपमधून आणताना पिशवी खाली घाण होईल म्हणून आम्ही ती त्यांच्या पोटावर ठेवली. दीड तास पिशवीतली लघवी नळीतून मागे जात राहिली असणार. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. मग सतत पडून राहिल्याने माकडहाडापाशी कातडी लाल झाली आणि आम्ही ती तेल लावून चोळली. त्यानंतर डाव्या पायाची पोटरी सुजली. शेजारचे काका मायेने आले आणि तीही चोळायला बसले. नेमक्या त्याच वेळी आमच्या वाडीतल्या निवृत्त सिस्टर भेटायला आल्या होत्या. त्यांनी दारातूनच ओरडून काकांचा हात थांबवला. पडून राहिल्याने शिरेत गुठळी झाली होती. चोळण्याने ती सुटून फुप्फुसात गेली असती, तर हे आवाहन लिहायला मी बसलोच नसतो.

लघवीचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे, रक्तवाहिन्यांचे आणखी वेगळे. तीन फायली, तीन तारखा. पण आमच्या पडवीत खाट एकच होती आणि ते तिन्ही आजार त्याच खाटेवर एकमेकांत मिसळले होते. प्रोस्टेटच्या कर्करोगाचंही असंच. तो पुष्कळदा कण्याच्या आणि कमरेच्या हाडांत उतरतो, आणि त्यावरच्या हार्मोनच्या उपचाराने हाडं आणखी ठिसूळ होतात. म्हणजे नळी सांभाळणाऱ्यालाच माणूस पडू नये हेही पाहावं लागतं आणि पडून राहिलेल्याच्या पोटऱ्यांवरही लक्ष ठेवावं लागतं.

सिस्टरनी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे आम्ही कशासाठी मदत मागतो आहोत ते कळेल. आधी माणूस पाठवून १०८ची गाडी बोलावली आणि गाडी येईपर्यंत पाय जरासुद्धा हलवू दिला नाही. गुठळीवरचं औषध सुरू करून आठवड्याने वडील परत आले, तेव्हा सिस्टर पुन्हा हजर. त्यांनी पिशवी खाटेच्या कडेला, मूत्राशयाच्या पातळीखाली पण जमिनीला टेकणार नाही अशी टांगली. नळी मांडीला पट्टीने अडकवली, कारण नळीच्या आतल्या टोकाला पाण्याने फुगवलेला फुगा असतो आणि ओढ बसली तर आत इजा होते. टाचांखाली गादी येणार नाही अशी पोटऱ्यांखाली उशी ठेवली. दोन पायांमध्ये एक उशी दिली, म्हणजे ऑपरेशन झालेला पाय आतल्या बाजूला वळणार नाही. लाल झालेली जागा चोळायची नाही, फक्त तिच्यावरचा भार काढायचा, हे आईला तीन वेळा म्हणायला लावलं. भिंतीवर कोळशाने वेळा लिहिल्या आणि दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितली.

आणि तिथे आई रडली. २४ तासांत १२ वेळा ७० वर्षांच्या बाईने ६५ किलोच्या माणसाला वळवायचं कसं?

वडील आज वॉकर धरून अंगणापर्यंत येतात. पण ते सिस्टर त्या दिवशी आल्या म्हणून. योगायोगावर माणसं जगवायची नाहीत असं मंडळाच्या बैठकीत ठरलं, आणि त्यातून हे काम सुरू झालं.

आमच्याकडे सध्या आहे ते एवढंच: देणगीत आलेली एक फाउलर कॉट, म्हणजे डोक्याकडची बाजू उचलता येणारी दवाखान्याची खाट, दोन वॉकर, एक कमोडची खुर्ची आणि त्या सिस्टर. सिस्टरनी आठवड्यातले तीन दिवस वाड्यांवर फिरायचं कबूल केलं आहे. त्या मानधन नको म्हणतात. मंडळाला ते पटत नाही. आयुष्यभर आरोग्य उपकेंद्रात काम केलेल्या बाईचं कौशल्य फुकट घ्यायचं आणि वर त्यालाच सेवाभाव म्हणायचं, हे आम्हाला करायचं नाही. रिक्षाभाडं, महिन्याचं मानधन आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी गावातलीच एक मुलगी, एवढा खर्च वर्षभर चालवायचा हा आमचा पहिला हेतू आहे. पैसे देणाऱ्यांनी शक्य असेल तर एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दरमहा थोडं द्यावं. मानधन दर महिन्याला द्यायचं असतं आणि नळ्याही ठरावीक दिवसांनी बदलाव्याच लागतात.

नळ्यांचंच घ्या. साधी लॅटेक्सची नळी दोन ते चार आठवड्यांत बदलावी लागते. सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत राहते, पण महाग पडते, म्हणून गरीब घरात लॅटेक्सचीच लागते आणि बदलायला उशीर झाला की तीच तुंबते. नळी बदलणं हे नर्स किंवा डॉक्टरचंच काम आहे, आमचा कुठलाही स्वयंसेवक त्याला हात लावणार नाही. पण ती वेळेवर हाताशी असणं, पिशवी दोन तृतीयांश भरायच्या आत रिकामी होणं, साबण-पाण्याने रोज स्वच्छता होणं आणि डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलेलं नसेल तर दिवसभर पेज, ताक, पाणी पोटात जाणं, हे सगळं गावातल्या माणसांना करता येतं. चार तास पिशवीत थेंब नाही, रक्ताच्या गाठी दिसतात किंवा थंडी वाजून ताप येतो, तर वाट न पाहता गाडी बोलवायची. आमच्या काही वाड्यांपर्यंत गाडी येत नाही, माणूस खुर्चीत बसवून खाली रस्त्यावर आणावा लागतो. त्यासाठी पट्ट्यांची, चौघांनी उचलायची एक घडीची स्ट्रेचर हवी आहे.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण ती कुणी बोलत नाही. प्रोस्टेटचा आजार पुरुषांचा आणि सेवा मात्र बायकांची. मुलगा विरारला किंवा डोंबिवलीला, घरात बायको आणि असली तर सून. म्हातारा माणूस सुनेला पिशवीला हात लावू देत नाही. लाजेने पाणी पिणं बंद करतो, म्हणजे पिशवी कमी वेळा रिकामी करावी लागेल. लघवी घट्ट होते, नळीत खडे धरतात, जंतुसंसर्ग होतो. आमच्या एका वाडीत एक आजोबा दोन दिवस ओल्या धोतरात पडून राहिले, कारण सांगायचं कुणाला हाच प्रश्न होता. म्हणून आम्हाला पुरुष स्वयंसेवक हवे आहेत. तरुण असोत, निवृत्त एसटी कंडक्टर असोत, शाळेचे माजी शिक्षक असोत. आठवड्यातून दोनदा सकाळी तासभर एका घरी जायचं, अंग पुसायचं, कूस बदलायची, दाढी करून द्यायची, चार शब्द बोलायचे. आजवर आठ बायकांनी नावं दिली आणि दोन पुरुषांनी. हा आकडा बदलावा अशी आमची कळकळीची विनंती आहे.

पायाच्या जखमांबद्दलही सांगायला हवं. चिखलात लावणी करण्यात किंवा तासन्‌तास उभं राहण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्या पोटरीवरच्या शिरा फुगतात, घोट्याजवळ कातडी काळी पडते आणि एक दिवस तिथे जखम होते. ती वर्षानुवर्षं वाहते. अशा जखमेला बोटांपासून गुडघ्यापर्यंत नीट ताणून बांधलेली पट्टी आणि वर उचलून ठेवलेला पाय लागतो. पण तशीच दिसणारी दुसरी जखम रोहिणी, म्हणजे हृदयाकडून पायाकडे रक्त नेणारी वाहिनी, बंद पडल्यामुळे होते. बिडी ओढणाऱ्यांत, मशेरी लावणाऱ्यांत आणि मधुमेहाच्या रुग्णांत तिचा धोका जास्त. पाय थंड पडतो, रात्री ठणकतो आणि खाटेखाली सोडला की बरं वाटतं. या पायाला घट्ट पट्टी बांधली तर उरलासुरला रक्तपुरवठाही तुटतो, बोटं काळी पडतात. म्हणजे एकीला जे औषध, तेच दुसरीला घातक. नुसत्या डोळ्यांनी ठरवू नये असं सिस्टर म्हणतात. त्यासाठी हातात मावणारं डॉप्लर यंत्र असतं. त्याने घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहतात. घोट्याचा दंडाच्या ०.९ पटीहून कमी भरला, तर रोहिणीत अडथळा आहे असं समजून डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्टी बांधायची नाही. मधुमेहात रोहिण्या कडक झाल्याने आकडा फसवा येऊ शकतो, तेव्हा तिथे आणखी जपून. असं एक यंत्र मिळालं तर काही पाय तरी वाचतील असं आम्हाला मनापासून वाटतं. आणि कृपा करून मधुमेही माणसाच्या बधिर पायाला गरम पाण्याचा शेक देऊ नका. त्याला चटका कळत नाही. या एका मायेच्या उपचाराने भाजलेले पाय आम्ही पाहिले आहेत.

केरळात गावोगावचे स्वयंसेवक आणि नर्स मिळून घरी जाऊन अशी शुश्रूषा करतात, त्या राज्याने २००८ साली त्यासाठी धोरणच केलं. आमचा आवाका तेवढा नाही. आमच्या वाड्यांपुरतं नीट जमलं तरी पुष्कळ.

मुंबईकरांना खास विनंती. आपल्या आजी-आजोबांच्या आजारपणात घेतलेला वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी चाळीच्या माळ्यावर किंवा सोसायटीच्या जिन्याखाली पडून असेल. ती धुऊन-पुसून गणपतीला येताना घेऊन या. हवेची गादी असेल तर तिचा पंप चालतो का तेवढं पाहा, पंपाशिवाय ती गादी म्हणजे नुसतं प्लास्टिक. सध्या आम्हाला चार हवेच्या गाद्या, अजून दोन फाउलर कॉट आणि संडासाच्या भांड्यावर ठेवायच्या उंच बैठका सगळ्यात आधी लागतील. खुब्याच्या ऑपरेशननंतर उकिडवं बसता येत नाही आणि आमच्याकडे बहुतेक संडास उकिडवं बसायचेच आहेत. कुणी गवंडी किंवा सुतार असेल, तर दोन दिवसांचं काम देऊनही मोठी मदत होईल: पायऱ्यांना कठडे, संडासात धरायला दांडा, रात्रीच्या वाटेवर एक दिवा. माझे वडील पडले ती पायरी आता खरवडून खडबडीत केली आहे. ती आधी केली असती तर फक्त अर्ध्या दिवसाचं काम होतं.

साहित्य कुणालाही विनामूल्य मिळेल, जात, वाडी, भावकीतलं भांडण काहीही न पाहता. अनामत रक्कमही घेणार नाही. फक्त काम झालं की परत आणून द्यायचं आणि वहीत सही करायची. वापरलेल्या नळ्या, उघडलेली औषधं, मुदत उलटलेल्या गोळ्या कृपया देऊ नका, त्या आम्ही कुणालाही देऊ शकत नाही. आयकर सवलतीचं प्रमाणपत्र अजून मंडळाकडे नाही, हे देणगी देण्याआधीच माहीत असावं. पावती मात्र प्रत्येक रुपयाची मिळेल आणि दर तीन महिन्यांनी जमाखर्च देवळाच्या फलकावर लागेल.

सिस्टर घरच्या माणसांसाठी दोन दिवसांचा शिकवणीवर्ग घेणार आहेत, गणपती विसर्जनानंतरच्या पहिल्या शनिवारी आणि रविवारी, शाळेच्या पडवीत, सकाळी १० ते १. कूस कशी बदलायची, खाटेवरून खुर्चीत कसं बसवायचं, पिशवी कशी रिकामी करायची, कुठल्या सुजेला हात लावायचा नाही, हे करून दाखवतील. रुग्णाची भूमिका करायला माझे वडील तयार झाले आहेत. ज्यांना यायचं आहे त्यांनी आणि ज्यांना देणगी किंवा साहित्य द्यायचं आहे त्यांनी मंडळाच्या खोलीत रोज संध्याकाळी ५ ते ७ या वेळेत नाव नोंदवावं. मुंबईहून येणाऱ्यांनी आपल्या वाडीच्या मंडळ-सदस्याकडे निरोप दिला तरी चालेल, सामान संगमेश्वर रोड स्टेशनवरून आणायला आम्ही टेम्पो पाठवू.

आपला,
चिटणीस, ग्रामस्थ मंडळाच्या वतीने