माथेरानच्या गाडीविषयी आई-बाबांना

सोलापूर

तीर्थरूप आई-बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत की नेरळहून माथेरानला चढणारी छोटी गाडी आणखी किती वर्षे चालेल, आणि माझ्या उत्तरापूर्वीच ‘तीही आपल्या बार्शी लाइटच्या वाटेने जाणार, बंद पडणार’ असे म्हणालात. दादाकडे बदलापूरला राहायला गेल्यापासून नेरळ तुमच्यापासून तिसऱ्या स्टेशनावर आले आहे, त्यामुळे या गाडीची बरीवाईट बातमी तुमच्या मनाला लागते, हे मी जाणते. महाविद्यालयात मी जो विषय शिकवते तो माती, उतार आणि पाण्याचा निचरा यांचाच असल्यामुळे हा प्रश्न माझ्याही मनात बराच काळ आहे. म्हणून आज सविस्तर लिहिते. तुमची काळजी रास्त आहे, पण बार्शी लाइटचे जे झाले ते माथेरानच्या गाडीचे होणार नाही, असे मला वाटते. तिच्यापुढचा धोका वेगळा आहे आणि माझ्या मते अधिक कठीण आहे.

बार्शी लाइटचा अभिमान मलाही आहे. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी धावू लागलेली ती अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची गाडी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने इतक्या विचारपूर्वक आखली होती की मी आजही विद्यार्थ्यांना तिचे उदाहरण देते. इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये, हा एक नियम त्याने आधी ठरवला आणि बाकी सगळी रचना त्याभोवती उभी केली. म्हणूनच हलक्या, स्वस्त रुळांवरून बार्शीचा माल आणि पंढरपूरचे वारकरी दोन्ही वाहणे शक्य झाले. (याच गृहस्थाने पुढे विमानातून उडी घेणाऱ्यांसाठी पॅराशूटही तयार केले.) १९११ मध्ये ती लातूरला पोहोचली, १९२७ मध्ये मिरजेला. आई, आषाढीला टपावर बसलेली माणसे आणि डब्यात पाय ठेवायलाही नसलेली जागा यांचे तू केलेले वर्णन मला तोंडपाठ आहे.

पण ती गाडी गेली ती लोकांना तिची गरज उरली नव्हती म्हणून नव्हे. गरज इतकी वाढली होती की अडीच फुटांच्या रुळांत ती मावेना, म्हणून त्यांच्या जागी रुंद, ब्रॉडगेज रूळ आले. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाण्याची गाडी गेली ती मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी याच मार्गाने. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी जाऊ लागली. रूळ ब्रॉडगेज झाले नसते तर लातूरकरांना तेवढे पाणी तेवढ्या वेगाने मिळाले नसते. त्यामुळे बाबा, जुन्या गाडीबद्दल मला हळहळ वाटते, पण त्या निर्णयाबद्दल तक्रार नाही. माझी तक्रार एवढीच आहे की त्या सगळ्या मार्गातला पाच-सहा किलोमीटरचा एखादा तुकडा तरी धावता ठेवायला हवा होता, म्हणजे नातवंडांना तो फोटोत दाखवावा लागला नसता.

माथेरानला अशी अदलाबदल शक्यच नाही. ती गाडी दोन फुटी आहे, कारण डोंगराने त्याहून अधिक जागा दिलेली नाही. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात सोळा लाख रुपये खर्चून जो मार्ग बांधला, त्यात चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट असा आहे आणि वळणे इतकी आवळ आहेत की सुरुवातीच्या जर्मन वाफेच्या इंजिनांची टोकाकडची चाके वळणाप्रमाणे सरकतील अशी खास बनवून घ्यावी लागली. सुमारे एकवीस किलोमीटरच्या या मार्गावर बोगदा एकच आणि तोही अगदी लहान, कारण डोंगर फोडण्याऐवजी त्याच्या कडेकडेने वळत जाण्याचे त्यांनी ठरवले. ही काटकसर त्या काळी शहाणपणाची होती. परंतु तिचा परिणाम असा झाला की रूळ जवळजवळ सर्वत्र उताराच्या अंगावर आहेत आणि पावसाळ्यात वरचे सगळे पाणी त्यांच्यावरूनच खाली जाऊ पाहते.

माझ्या मते या गाडीचे भवितव्य ठरवणारा खरा प्रश्न इथेच आहे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला आणि गाडी २००७ मध्ये, बरोबर शताब्दीच्या वर्षी, पुन्हा सुरू झाली. मे २०१६ मध्ये डबे रुळांवरून घसरल्याने ती थांबली, ती नेरळपासून थेट २०१८ मध्ये सुटली. ऑगस्ट २०१९ च्या पावसाने पुन्हा मोठे नुकसान केले आणि पूर्ण मार्ग २२ ऑक्टोबर २०२२ रोजी खुला झाला. या तीन खंडांची बेरीज सहा वर्षांहून अधिक होते, आणि दर वर्षी पावसाळ्यात घाटातली गाडी बंद असते ते महिने त्यात धरलेलेच नाहीत. शेवटच्या दुरुस्तीत लाकडी व लोखंडी स्लीपर काढून काँक्रीटचे घातले, कडेला जाळीत दगड भरून भिंती बांधल्या, कठडे उभारले. ही कामे चांगली आहेत. मात्र दगडाची भिंत उभारल्याने मागचे पाणी नाहीसे होत नाही. त्याला वाट काढून द्यावी लागते. रुळांच्या वरच्या बाजूचे चर आणि खालच्या मोऱ्या दर वर्षी मे महिन्यात गाळ काढून मोकळ्या झाल्या नाहीत, तर उत्तम काँक्रीटखालचीही माती सरकते. हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही, त्याचे उद्घाटन होत नाही, आणि म्हणून खर्चाला कात्री लागते तेव्हा ती प्रथम त्यालाच लागते. मला भीती वाटते ती याची.

दुसरी भीती अमन लॉजची, म्हणजे माथेरानच्या अलीकडच्या स्थानकाची आहे. नेरळहून टॅक्सीने अमन लॉजलगतच्या दस्तुरी नाक्यापर्यंत अर्ध्या तासाच्या आसपास पोहोचता येते, आणि गाडीला पूर्ण मार्गासाठी दोन तासांहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे बहुतेक लोक टॅक्सीने वर येतात आणि अमन लॉज ते माथेरान एवढ्याच सुमारे तीन किलोमीटरसाठी गाडीत बसतात. ही शटल पावसाळ्यातही चालते आणि गावाच्या रोजच्या उपयोगाची आहे. तिला मी कमी लेखत नाही. परंतु घाटातली गाडी बंद असतानाही ‘माथेरानची गाडी सुरू आहे’ असे म्हणता येते ते या शटलमुळेच. गाडी कायमची बंद करण्याचा आदेश कोणी काढील, असे मला वाटत नाही. एखाद्या मोठ्या पावसानंतर घाटाची दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलली जाईल, मग त्यापुढच्या, आणि तीन किलोमीटरांवर सगळ्यांचे समाधान होईल, अशी शक्यता मला अधिक दिसते.

त्यातच ई-रिक्षा आल्या आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधल्या माणसांनी ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षांकडे वळण्याचा आदेश दिला. तो निर्णय योग्यच होता. माणसाने माणसाला ओढावे ही गोष्ट फार पूर्वीच थांबायला हवी होती. पण दस्तुरीपासून गावापर्यंत दुसरे साधन आले म्हणजे शटलचे काही प्रवासी तिकडे जाणार हेही उघड आहे. गाडीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ई-रिक्षांना विरोध करण्यात शक्ती घालवू नये. ई-रिक्षा घाट चढत नाही आणि जुम्मापट्टी, वॉटर पाइप ही स्थानके दाखवत नाही. गाडीचे वेगळेपण घाटात आहे. तोच भाग पडून राहिला, तर रिक्षापेक्षा हळू जाणाऱ्या शटलसाठी एवढा खर्च का करावा, या प्रश्नाला उत्तर उरणार नाही.

दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-शिमला या तिन्ही डोंगरी गाड्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. माथेरानचे नाव संभाव्य यादीपर्यंतच पोहोचले. तो मान मिळाला तर मला आनंदच होईल, पण त्याने मोऱ्यांतला गाळ निघत नाही. तिकिटाच्या पैशातून घाट राखणे शक्य नाही, हे रेल्वेने आणि राज्य सरकारने आधी मान्य करावे, आणि पर्यटनाच्या सजावटीसाठी नव्हे तर उतार, चर व मोऱ्या यांसाठी दर वर्षी वेगळी रक्कम बाजूला ठेवावी. माथेरानला खासगी वाहनांना बंदी आहे आणि तो सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून २००३ पासून जपला जातो; तिथे चढून जाणारी शंभर वर्षांहून जुनी गाडी हा त्या जपणुकीचाच भाग मानायला हवा. तेवढे झाले तर बाबा, ही गाडी तुमच्या नातवंडांच्या मुलांनाही मिळेल. नाही झाले तर ती किती वर्षे चालेल हे पाऊस ठरवील.

आता आपल्या बेताविषयी. संक्रांत आणि गड्ड्याची यात्रा आटोपली की मुलांना घेऊन मी सिद्धेश्वर एक्सप्रेसने कल्याणला येते. दादाला सांगा की टॅक्सी ठरवू नकोस. वर जाताना नेरळपासून गाडीनेच जायचे, वेळ लागला तरी चालेल. उतरताना हवी तर टॅक्सी करू, म्हणजे आईच्या गुडघ्यांना फार त्रास होणार नाही. गाड्या मोजक्याच असतात, म्हणून त्या दिवसांचे वेळापत्रक दादाने नेरळला जाऊन प्रत्यक्ष विचारून ठेवावे. बाबा, तुम्ही दरीच्या बाजूला बसा आणि वाटेत कोणत्या मोऱ्या साफ आहेत, कोणत्या तुंबल्या आहेत ते माझ्याबरोबर पाहा. मी वही आणणार आहे आणि त्यावरून रेल्वेला एक पत्र लिहिणार आहे. त्याच्या मसुद्यावर तुमची नजर फिरायला हवी.

शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या घेऊन येते. दोघांनीही औषधे वेळेवर घ्यावीत.

तुमची
धाकटी