यंत्र अचूक, बूच रबरी

महोदय,

फुलांच्या टिकाऊपणावरील आपल्या लेखात फुलातून निघणाऱ्या इथिलीनचा, म्हणजे अनेक फुलांना कोमेजायला लावणाऱ्या वायूचा, आकडा होता, पण तो कसा काढला याचा उल्लेख नव्हता. तापमान किंवा वजनाच्या बाबतीत एवढे चालून जाते. इथिलीनच्या बाबतीत मात्र मोजताना वापरलेली बरणी, नळी, बूच आणि लागलेला वेळ यांवाचून आकडा वाचताच येत नाही, म्हणून हे पत्र.

लेखात इथिलीनला ‘फुलाचा सुगंधी वायू’ म्हटले आहे, तेही बरोबर नाही. सुवास येतो तो वेगळ्या, बऱ्याच जड रेणूंमुळे. इथिलीन हे संप्रेरक, म्हणजे वनस्पतीला आतून संदेश देणारे रसायन आहे, दोन कार्बन आणि चार हायड्रोजन एवढेच. फूल ज्या प्रमाणात ते सोडते त्या प्रमाणात नाकाला त्याचा पत्ताही लागत नाही. मोजमाप पीपीबीत, म्हणजे अब्जातील एका भागात होते. एक लिटर हवेत एक नॅनोलिटर इथिलीन असले की एक पीपीबी झाले.

इतके बारीक मोजायला दोन मार्ग रुळलेले आहेत. पहिला गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे हवेतील वायू वेगवेगळे करून मोजणारे यंत्र. फूल बंद बरणीत ठेवायचे, ठरावीक वेळाने सिरिंजने एक मिलिलिटर हवा काढून यंत्रात सोडायची. दुसरा मार्ग लेझरचा, आणि तो मोठा गमतीदार आहे. कार्बन डायऑक्साइड लेझरचा सुमारे १०.५ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश इथिलीन जोरात शोषते. हा प्रकाश सेकंदाला हजार-दोन हजार वेळा तोडून वायूवर सोडला की वायू तितक्याच वेळा तापतो आणि निवतो, दाबाची लाट उठते आणि ती मायक्रोफोनला ऐकू येते. प्रकाशाने आवाज निर्माण होतो हे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८० मध्येच दाखवले होते. नेदरलँड्समधील नायमेखन येथील संशोधकांनी हे तंत्र वनस्पतींसाठी घडवले. लेझर इथिलीन जोरात शोषते त्या तरंगलांबीवर आणि शेजारच्या, कमी शोषते त्या तरंगलांबीवर आळीपाळीने नेतात आणि दोन्ही आवाजांतील फरकावरून इथिलीन काढतात. वाहत्या हवेत, एक पीपीबीच्याही खाली, मिनिटामिनिटाला नोंद मिळते.

पण फूल श्वासही घेते. त्याने सोडलेला कार्बन डायऑक्साइड हाच प्रकाश थोडा शोषतो, आणि तो इथिलीनच्या हजारो पटींनी जास्त असतो. म्हणून बरणीनंतर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्यांची नळी आणि तिच्यापुढे कॅल्शियम क्लोराइडची नळी लावतात. क्रम उलटा करू नये, कारण पहिल्या नळीत कार्बन डायऑक्साइड शोषला जाताना पाणी तयार होते, ते दुसरीने टिपायचे असते. गोळ्या ओलावून एकमेकींना चिकटल्या की वाट अडते आणि प्रवाह गुपचूप घटतो. प्रवाह बरणीच्या आधी नव्हे, यंत्राच्या शेवटी मोजावा, तो याचसाठी.

आत येणारी हवाही इथिलीनमुक्त हवी. खोलीतल्या हवेतच काही पीपीबी इथिलीन असते, धूर किंवा पिकलेले फळ जवळ असेल तर पुष्कळच जास्त. ती तापवलेल्या प्लॅटिनम उत्प्रेरकावरून न्यावी. स्वस्तात भागवायचे तर पोटॅशियम परमँगनेटचे दाणे वापरावेत. जांभळे दाणे तपकिरी झाले की ते संपले.

सर्वात जास्त घात करते ते बूच. उष्णतेने निर्जंतुक केलेले रबर स्वतःच इथिलीन सोडते. सिलिकॉनची नळी वायू शोषते आणि आरपार जाऊही देते. काच, पोलाद आणि टेफ्लॉन एवढ्यावरच भरवसा ठेवावा. शिवाय तेच बूच, तेच पाणी, तेवढाच वेळ, पण फूल नसलेली एक बरणी शेजारी हवीच. समजा, प्रवाह तासाला दोन लिटर आहे, फुलाच्या बरणीत ८ पीपीबी आणि रिकाम्या बरणीत ३ पीपीबी. फरक ५, म्हणजे तासाला १० नॅनोलिटर. फूल चार ग्रॅमचे असेल तर ग्रॅममागे २.५. रिकामी बरणी विसरली तर हाच आकडा ४ होतो.

बंद बरणीचे दुखणे निराळे. इथिलीन तयार होण्याच्या शेवटच्या टप्प्यात ऑक्सिजन लागतो, तो घटला की निर्मिती मंदावते. उलट साचलेले इथिलीन कार्नेशनसारख्या फुलाला आणखी इथिलीन सोडायला लावते. एक-दोन तासांत बरणी उघडावी. देठ कापल्याची जखमही अर्ध्या तासात इथिलीन सोडू लागते आणि काही तास सोडत राहते, म्हणून कापलेले फूल रात्रभर पाण्यात ठेवून मग बरणीत घालावे. ऑर्किडमध्ये तर परागपिंड, म्हणजे परागकणांचे गोळे, काढले तरी इथिलीनची उसळी येते.

कार्नेशनमध्ये उसळी आधी फुलाच्या मधल्या स्त्रीकेसरात दिसते, मग पाकळ्यांत, आणि पाकळ्यांच्या कडा आत वळू लागतात. दिवसातून एकदाच मोजणाऱ्याच्या हातून उसळीची सुरुवात निसटू शकते. बाजारातील हातात मावणारी विद्युत-रासायनिक उपकरणे यासाठी बहुधा अपुरी पडतात. ती पीपीएमच्या, म्हणजे दशलक्षातील एका भागाच्या पातळीची असतात आणि त्यांतील अनेक कार्बन मोनॉक्साइड किंवा अल्कोहोलची वाफही इथिलीन म्हणून दाखवतात.

लेखाचा निष्कर्ष होता, ‘कमी इथिलीन म्हणजे जास्त टिकणारे फूल’. कार्नेशन आणि अनेक ऑर्किडना तो लागू आहे. ग्लॅडिओलस आणि शेवंतीच्या पाकळ्या मात्र इथिलीनला फारशी दाद देत नाहीत. तिथे हा आकडा कितीही काटेकोर काढला, तरी फूल किती दिवस टिकेल हे त्यावरून कळत नाही.

आपला,
एक वाचक