पेढ्यावर ‘ब्रूट’ चालत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत समारंभासाठी वाइन कशी निवडावी, यावर लेख आला होता. लेख चांगला आहे. पण ‘स्पार्कलिंग घ्यायची तर ब्रूटच घ्या’, म्हणजे फेसाळती वाइन घ्यायची तर कमी साखरेचीच घ्या, हे वाक्य वाचलं आणि राहवेना. एप्रिलमध्ये हाच सल्ला ऐकून मी व्याह्यांसमोर फजीत झालो आहे.

मी साखर कारखान्यात एकतीस वर्षं लॅब केमिस्ट होतो. ब्रिक्स, पोल आणि रिकव्हरी, म्हणजे साखर मोजण्यातच जन्म गेला. लेकीचं रजिस्टर लग्न झालं, त्या संध्याकाळी घरी चौदा पानं होती. टोस्ट व्हावा ही जावईबापूंची हौस. आमच्या घरात अशी बाटली कधी आली नव्हती, सौ.नी ‘एकदाच हं’ म्हणून मान्यता दिली. दुकानात शॅम्पेनचा भाव विचारला, तर सात हजारांच्या पुढेच सुरुवात. फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांतात पिकलेल्या द्राक्षांचीच ती शॅम्पेन, आणि परदेशी वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं १५० टक्के आयात शुल्क. म्हटलं, राहू दे. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुल्यांनी नारायणगावात फ्रेंच तंत्र आणून स्पार्कलिंग केली आणि ती परदेशात विकली, तेव्हापासून मला या गोष्टीचा अभिमान आहे. आज तर दिंडोरीत खुद्द फ्रेंचांनी येऊन वायनरी थाटली आहे. मग नाशिकच्याच दोन बाटल्या घेतल्या, अडीच हजारांच्या आत. ७५० मिलीच्या बाटलीत शंभर-शंभरचे सात ग्लास, म्हणजे दोन बाटल्यांत चौदा माणसं. हिशेब चोख.

पहिली चूक मी बाटली उघडताना केली. भर दुपारी स्कूटरच्या डिकीतून बाटल्या आणल्या आणि अर्धा तास फ्रीजरमध्ये टाकून काम झालं असं समजलो. काच गार लागत होती, आतलं द्रव कोमटच होतं. गरम द्रवात वायू विरघळून राहत नाही हे मी नव्या पोरांना शिकवलेलं. पण घरचं कार्य म्हटलं की डोकं चालत नाही. बूच सुटलं आणि तिसरा हिस्सा टेबलक्लॉथवर. या बाटलीत सहा वातावरणांइतका दाब असू शकतो, गाडीच्या चाकात भरतो त्याच्या जवळजवळ तिप्पट. पारंपरिक पद्धतीत तो येतो कुठून, तर साखरेतूनच! तयार वाइनमध्ये लिटरला साधारण चोवीस ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. ती साखर आतल्या आत आंबते आणि वायू कोंडून राहतो. हे वाचलं तेव्हा आपल्याच खात्यातलं निघालं म्हणून फार बरं वाटलं.

दुसरी चूक मोठी. ग्लास हातात आले आणि आमच्या रीतीप्रमाणे पेढ्यांचं ताट फिरलं. पेढा तोंडात आणि वर ब्रूटचा घोट. विहीणबाईंचा चेहरा मी विसरणार नाही. कैरीचं पाणी प्यावं तसं तोंड झालं होतं त्यांचं. व्याही भिडस्त, ते ‘छान आहे’ म्हणाले आणि ग्लास हळूच खिडकीत ठेवून आले.

बाटलीत दोष नव्हता. स्पार्कलिंगसाठी द्राक्षं लवकर तोडतात, साखर कमी आणि आम्लता टिकून असते तेव्हा. ब्रूटमध्ये लिटरला फार तर बारा ग्रॅम साखर, म्हणजे शंभर मिलीच्या ग्लासात पाव चमचा. जिभेवर आधीच पेढा असला तर ती जाणवणार कुठून? उरतो तो नुसता आंबटपणा. गोडाबरोबर द्यायची तर ‘सेक’ घ्यावी, सतरा ते बत्तीस ग्रॅमची, किंवा तिच्याही वरची ‘डेमी-सेक’, पन्नासपर्यंतची. आणि ‘एक्स्ट्रा ड्राय’ म्हणजे जास्त कोरडी, अगदी कमी गोड, असं कुणालाही वाटेल, पण ती ब्रूटपेक्षा गोड असते! ही नावं ज्यानं ठेवली त्याला आमच्या लॅबमध्ये एक दिवस टिकू दिलं नसतं.

गंमत पुढे झाली. जेवणाआधी कोथिंबीर वडी आली, कढईतून थेट, वर तीळ, कडा कुरकुरीत. विहीणबाईंनी वडी खाल्ली, समोर होता म्हणून एक घोट घेतला आणि म्हणाल्या, “अहो, आता बरी लागते की!” तेलकट, खारट तोंडावर तोच आंबटपणा लिंबासारखा उतरत होता. व्याहीही खिडकीतून ग्लास घेऊन आले. तोवर दुसरी बाटली बर्फात बसली होती. जुन्या आइस्क्रीमच्या पॉटासारखी युक्ती: बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर खडेमीठ, वीस-पंचवीस मिनिटं. बूच एका हातात घट्ट धरून दुसऱ्या हातानं बाटली फिरवली. फुस्स एवढाच आवाज, थेंब सांडला नाही. पोरांचा विरस झाला, त्यांना फटाका हवा होता.

तेव्हा लेखकमहाशयांना विनंती, की पुढच्या वेळी आधी ताटात काय आहे ते विचारा आणि मग बाटली सुचवा. वायनरीवाल्यांनाही एक सांगणं आहे. दहा रुपयांच्या बिस्किटपुड्यावर साखर किती ते छापलेलं असतं; माझ्या दोन्ही बाटल्यांवर चष्मा लावून शोधलं तरी तो आकडा सापडला नाही. लिटरला इतके ग्रॅम, एवढं मराठीत छापा. दुकानदारांबद्दल बोलायचं तर त्या दिवशी एक बाटली मला उन्हाकडच्या काचेच्या शोकेसमधून काढून देत होते. मी आतली मागितली तेव्हा ‘काका, काय फरक पडतो’ म्हणाले. पडतो. ऊन आणि उकाडा लागला की वाइन बिघडते, मग ती सातशेची असो की सात हजारांची.

नोव्हेंबरात व्याह्यांची साठी आहे. एक ब्रूट आणि एक सेक आणण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. वड्या विहीणबाई करणार आहेत, आणि पेढे जेवणानंतरच फिरवायचे असं त्यांनीच फोनवर बजावलं आहे.

आपला,
एक निवृत्त शुगर केमिस्ट, नाशिक रोड