लॅपटॉपची नसती उठाठेव

पुणे, रविवार दुपार

प्रिय मकरंद,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. शिव्या वगळल्यावर तक्रारी चारच उरल्या. यूट्यूबवर गाण्याचं लाइव्ह सुरू केलं की स्क्रीनच्या जागी काळा चौकोन दिसतो. तानपुरा मध्येच गायब होतो. तुझा आवाज एकाच कानात येतो. आणि तुझं तोंड उघडायच्या आत सूर ऐकू येतो. यावर तुझ्या दुकानदाराचा इलाज काय, तर नवा लॅपटॉप. बाबा रे, पैसे गल्ल्यावर ठेवण्याआधी हे पत्र वाच. तुझ्या लॅपटॉपचं काही बिघडलेलं नाही. तो नको तिथे मदत करतोय, आणि ती एकेक करून थांबवायची आहे.

तानपुऱ्यापासून सुरू करतो, कारण मला खरा राग त्याचाच आला. ओबीएसमध्ये, म्हणजे तू लाइव्हसाठी वापरतोस त्या प्रोग्राममध्ये, तुझ्या माइकच्या पट्टीवर राइट क्लिक कर आणि ‘फिल्टर्स’ उघड. तिथे ‘नॉइज सप्रेशन’ दिसेल. ओबीएस तो आपणहून लावत नाही, म्हणजे हे काम तुझ्या भाच्याचं. त्याला रागावू नकोस, गेम खेळताना बडबड करणाऱ्यांना हा फिल्टर फार उपयोगी पडतो. त्याच्या आत ‘आरएननॉइज’ नावाची पद्धत असते. ती आवाजाचे २२ पट्टे करते आणि दर १० मिलिसेकंदांनी ठरवते की कुठल्या पट्ट्यात बोलणं आहे आणि कुठल्यात कचरा. तिला शिकवलंय माणसाचं बोलणं. सलग, न थांबता, एकाच स्वरावर चालणारी गोष्ट तिच्या लेखी पंखा तरी असते नाही तर एसी. तू गात असतोस तेव्हा तानपुरा थोडाफार निसटून ऐकू येतो. तू श्वास घ्यायला थांबलास की तो पुसलाच जातो. ‘स्पीक्स’ हा दुसरा पर्याय त्याहून वाईट, तो तर स्थिर आवाजच हुडकून दाबतो. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि तुझ्या घरातलं यंत्र त्याला कचऱ्यात काढतंय!

फिल्टर काढून टाक. नुसता बंद करू नकोस, काढच, नाही तर पुन्हा कोणीतरी डोळ्याच्या खुणेवर क्लिक करून सुरू करेल. शेजारी ‘नॉइज गेट’ असेल तर तोही काढ. ठरावीक पातळीखालचा आवाज आला की तो दार लावून घेतो, आणि आलापाचा शेवट तर तू नेमका तिथेच नेऊन सोडतोस. ‘कंप्रेसर’ही नको. तू गप्प झालास की तो तानपुरा वर उचलतो आणि गायला लागलास की खाली दाबतो, ऐकणाऱ्याला गरगरतं. फक्त ‘लिमिटर’ राहू दे, तो अचानक आलेल्या मोठ्या आवाजाला आवर घालतो, एवढंच.

मग पंख्याचा आवाज? पंखा बंद कर आणि माइक जवळ घे, तोंडापासून वीतभर. पत्र्यावर पाऊस सुरू झाला तर मात्र कुठलंच सॉफ्टवेअर कामाचं नाही, खोली बदल. तुझा गुरुपौर्णिमेचा लाइव्ह कार्यक्रम आषाढात येतो, तेव्हा हे आत्ताच ठरवून ठेव.

पातळी लावताना मध्य सप्तकातल्या सा वर लावू नकोस. तारसप्तकातली तुझी सगळ्यात चढी तान घे आणि ती पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे उणे २० ते उणे ९ डेसिबलच्या मधे, कशी बसते ते बघ. एखाद्या क्षणी तांबड्याला शिवली तर चालेल, पण शून्याला टेकली तर आवाज फाटतो, आणि तो नंतर शिवता येत नाही.

एका कानाचं उत्तर सोपं आहे. तुझ्या साउंड कार्डाला दोन माइक लागतात. पहिल्यात लावलेला डावीकडे जातो, दुसऱ्यातला उजवीकडे. ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’मध्ये त्या माइकसमोर ‘मोनो’वर खूण कर. यात एक फायदा आहे. कार्डाच्या दुसऱ्या तोंडाला तानपुऱ्याच्या घोडीजवळ एक माइक लाव, मोनो केल्यावर दोन्ही एकत्र मिसळतील आणि गळा किती, तानपुरा किती, हे तू कार्डावरच्या बटणांनी ठरवशील. माझ्या मते तुझ्या कार्यक्रमासाठी हाच मार्ग उत्तम. मोबाइलमधला किंवा लॅपटॉपमधला तानपुरा वर्गासाठी ठीक आहे, गुरुपौर्णिमेला खरा तानपुरा लाव.

वर्गात लॅपटॉपवरचा तानपुरा वापरशील तेव्हा एक खोडा आहे. तो आवाज ओबीएस ‘डेस्कटॉप ऑडिओ’तून घेतं, तोच स्पीकरमधून बाहेर पडून पुन्हा तुझ्या माइकमध्ये शिरतो. दोघांत किंचित अंतर पडतं आणि तानपुरा पोकळ, नळीतून आल्यासारखा लागतो. हेडफोन घाल, आणि तोही वायरचा. ब्लूटूथवाल्याचा आवाज उशिरा येतोच, शिवाय त्याचा माइक चालू झाला की ऐकू येणारा आवाजही फोनच्या दर्जावर घसरतो. जमलं तर ओबीएस २८ किंवा पुढची आवृत्ती घे. तिच्यात ‘अ‍ॅप्लिकेशन ऑडिओ कॅप्चर’ आहे, त्याने फक्त तानपुऱ्याच्या प्रोग्रामचा आवाज उचलता येतो. तो लावलास की ‘डेस्कटॉप ऑडिओ’ म्यूट कर, नाही तर तानपुरे दोन होतील. वर भर यमनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपची टिंग वाजणार नाही, हा फायदा वेगळाच.

तू सांगितलं नाहीस, पण मला शंका आहे की मधल्या वेळी परदेशातल्या विद्यार्थ्यांसाठी तू झूमही चालू ठेवतोस. तसं असेल तर विंडोजची आणखी एक कारागिरी बघ. कॉल आला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे, ही तिची मूळची सेटिंग आहे. जुन्या ‘साउंड’ खिडकीत ‘कम्युनिकेशन्स’ नावाचा भाग आहे, तिथे ‘डू नथिंग’ निवड. झूममध्येही ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ सुरू केल्याशिवाय गाणं शिकवू नये.

आता काळा चौकोन. तुझ्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप आहेत, एक इंटेलची, बॅटरी वाचवणारी, आणि एक एनव्हिडियाची, ताकदीची. बहुतेक अशा लॅपटॉपमध्ये पडदा इंटेल रंगवते. विंडोजने ओबीएस एनव्हिडियावर बसवलं की त्याला पडद्यावर काय चाललंय ते दिसतच नाही, म्हणून काळं. आधी ‘डिस्प्ले कॅप्चर’च्या प्रॉपर्टीजमध्ये जा आणि ‘कॅप्चर मेथड’ बदलून ‘विंडोज १०’ लिहिलेली निवड. बहुधा तेवढ्यावरच भागेल. पडद्याभोवती पिवळी चौकट उमटली तर घाबरू नकोस, ती विंडोजची आहे, प्रेक्षकांना दिसत नाही. नाहीच भागलं तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन तिथे ओबीएस जोड आणि ‘पॉवर सेव्हिंग’ निवड, मग ओबीएस बंद करून पुन्हा उघड. नाव ‘पॉवर सेव्हिंग’ असलं तरी इथे त्याचा अर्थ एवढाच की ओबीएस पडद्याच्याच चिपवर बसेल.

नुसती क्रोमची खिडकी काळी येत असेल तर तिथेही कॅप्चर मेथडच बदलायची. आणि ओटीटीवरचा कार्यक्रम दाखवताना काळं आलं तर तो बिघाड नव्हे. कंपन्यांनी चोरी होऊ नये म्हणून मुद्दाम तसं केलेलं असतं, त्याच्या नादी लागू नकोस. लेकीचा मॅक वापरायचा झाला तर ‘स्क्रीन रेकॉर्डिंग’ची परवानगी देऊन ओबीएस पुन्हा सुरू कर, बस्स.

सूर आधी आणि तोंड नंतर, हे कॅमेऱ्यामुळे. चित्र संगणकापर्यंत यायला वेळ लागतो, आवाज लवकर पोचतो. कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून रेकॉर्डिंग कर आणि ते एकेक फ्रेम पुढे नेत बघ. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंदांची. हात भिडायच्या पाच फ्रेम आधी टाळी ऐकू आली तर माइकच्या ‘सिंक ऑफसेट’मध्ये १६५ लिही, म्हणजे आवाज तेवढे मिलिसेकंद मागे सरकेल. तबलजी शेजारी बसणार असेल तर हे नीट कर, कारण सम डोळ्यांना एकीकडे आणि कानांना दुसरीकडे दिसली की जाणकार मंडळी बंद करून उठतात. पण अंतर सुरुवातीला नसून तासाभरात वाढत जात असेल तर रोग निराळा. मग माइक, स्पीकर आणि ओबीएस, तिन्हींचा ‘सॅम्पल रेट’, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, ४८,००० हर्ट्झच आहे ना ते तपास. एखादं ४४,१०० वर राहिलेलं असतं. आवाजात चरचर येत असेल तरी आधी हेच बघ.

चित्रासाठी ७२०पी आकार आणि सेकंदाला ३० फ्रेम पुरे, बिटरेट, म्हणजे माहिती पाठवायचा वेग, ३,००० केबीपीएस. बसून गाणाऱ्या माणसाला त्याहून जास्त कशाला हवं? याला तासाला साधारण सव्वा ते दीड जीबी जातो, म्हणजे लाइट गेली तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही निभेल. राउटरपासून वायर मात्र ओढ. अडखळायला लागलं तर ओबीएसची ‘स्टॅट्स’ खिडकी उघड. ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ वाढत असतील तर नेटचा दोष, ‘एन्कोडिंग’च्या ओळीत आकडा वाढत असेल तर लॅपटॉप दमलाय.

नव्या चॅनेलवर यूट्यूब पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायला २४ तासांपर्यंत थांबवतं, तेव्हा ते आजच चालू करून ठेव. आणि मध्यंतरात जुन्या उस्तादांची ध्वनिमुद्रिका लावायचा बेत असेल तर सोड. बंदिश परंपरेची असली तरी ध्वनिमुद्रण कंपनीचं असतं आणि यूट्यूब ते ओळखतं.

एक विनंती. हे सगळं एकदम बदलू नकोस. एक बदल कर, दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग कर, हेडफोनने ऐक, मग पुढचं. तरीही काळा चौकोन राहिला तर ‘हेल्प’मधल्या ‘लॉग फाइल्स’मधून आजची फाइल मला पाठव. कुठली चिप वापरली ते त्यात लिहिलेलं असतं, मी रात्री बघून कळवीन. आणि तानपुऱ्याच्या माइकचं रेकॉर्डिंगही धाड, मोबाइलवर नको, मूळ फाइल. घोडीच्या किती जवळ ठेवायचा ते ऐकल्यावरच सांगता येईल.

वहिनींना नमस्कार, भाच्याला माझ्यातर्फे एक टपली.

तुझा,
शिरीष