चिकट सापळा टांगला, पण मोजतो कोण?

महोदय,

मुंबईत रुळांलगतच्या भेंडी-पालकाच्या वाफ्यांत आणि गच्चीवरच्या बागांत पिवळे चिकट सापळे, म्हणजे किडी चिकटाव्यात म्हणून डिंक लावलेली पिवळी पत्रे, दिसू लागले आहेत. पण एकदा टांगले की कोणी ढुंकूनही बघत नाही, हे खटकते. सापळ्याचे पहिले काम कीड आल्याची खबर देणे हे आहे.

पांढरी माशी, पंखवाला मावा, नागअळीची (पानांत नागमोडी रेघा पाडणाऱ्या अळीची) माशी पिवळ्याकडे येतात; फुलकिड्यांसाठी निळा बरा. टेहळणीला एकरी 4-5 पुरतात, कुंड्यांच्या बागेला एखादाच. सापळा शेंड्याच्या किंचित वर हवा. भेंडी वाढत गेली आणि सापळा गुडघ्याशीच राहिला, तर चिकटलेल्या किडींचा आकडा फसवा येतो. ठरलेल्या वारी भिंगातून मोजावे, तारखेसह लिहावे आणि मागच्या आठवड्याशी ताडून बघावे.

रुळांकडेला धुळीचा थर बसून डिंक मरतो. माश्या कमी दिसतात आणि कीड हटली असे वाटते. बोट लावून बघा. चिकटत नसेल तर सापळा बदला.

पांढऱ्या माशीची पिल्ले व बिनपंखी मावा पानांवरच राहतात, म्हणून पाने उलटून बघणे आलेच. भेंडीत पांढरी माशी केवडा रोग (यात पानांच्या शिरा पिवळ्या पडतात) पसरवते. तिथे थोड्या माश्याही दुर्लक्षू नयेत. मात्र मधमाश्या आणि मित्रकीटकही चिकटतात, तेव्हा सापळे उगाच वाढवू नयेत. विक्रेत्यांनी सापळ्यासोबत नोंदीचे कार्ड द्यावे, ही विनंती.

— एक भाजीपाला अभ्यासक, मुंबई